घरची शिवण, लेखांक ७ : उन्हाळ्यासाठी झबले

जन्माच्या वेळी मुलाचे डोके छातीपेक्षा किंचित मोठे असते. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दोन्हींचा घेर सारखा, म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर होतो आणि त्यानंतर छाती पुढे जाते. मान आखूड, खांदे अरुंद आणि पोट पुढे आलेले असल्यामुळे या वयात कमर अशी वेगळी दाखवता येत नाही. अशा शरीरासाठी बेतलेला कपडा हा मोठ्यांच्या सदऱ्याची लहान प्रत असू शकत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बाजारातील तयार कपड्यांत पुष्कळदा विसरली जाते. कॉलर, कफ व आवळ पट्टा असलेला दीड वर्षाच्या मुलाचा पोशाख पाहणाऱ्यांच्या कौतुकासाठी शिवलेला असतो, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. मराठी घरांतून बारशाच्या आधीपासून शिवले जाणारे झबले, म्हणजे खांद्यावरून सैल सोडलेला आणि कोठेही न आवळणारा आखूड अंगरखा, या शरीराची ठेवण ओळखूनच घडलेले आहे, म्हणून उन्हाळ्याच्या कपड्यांचा विचार त्यापासून सुरू करणे योग्य ठरते.

लहान मुलाच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे भोवतालची उष्णता त्याला लवकर जाणवते. घाम वाळला तर अंग थंड होते. तो कपड्याखाली साचून राहिला तर घामाच्या नलिकांची तोंडे बंद होतात आणि मान, काख व पाठ या ठिकाणी घामोळे येते. कपड्याकडून अपेक्षा एवढीच की त्याने घाम टिपावा आणि हवा आत-बाहेर जाऊ द्यावी. सर्वसाधारण दमटपणात १०० ग्रॅम कोरड्या कापसात सुमारे ८ ग्रॅम ओलावा सामावतो, तर तेवढ्याच पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही. सुती कापडाचा आग्रह निव्वळ जुन्या वळणाचा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र ‘उन्हाळ्यात सुती व बिनबाह्यांचे’ हा सरसकट सांगितला जाणारा नियम महाराष्ट्राच्या सर्व भागांना सारखा लागू पडत नाही. कोकणात व मुंबईत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या फार वर जात नाही, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. तेथे मोठे मुंढे (मुंढा म्हणजे बाही जोडण्याचा किंवा हात बाहेर काढण्याचा गोल काप), उघडे हात आणि शक्य तितके विरळ कापड हिताचे ठरते. नागपूर-चंद्रपूरकडे याच महिन्यात तापमान ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढते, म्हणजे हवा त्वचेपेक्षाही तापलेली असते आणि उघड्या अंगाला तिच्याकडून उष्णताच मिळते, म्हणून तेथे कोपरापर्यंतची सैल बाही व मांडी झाकणारी उंची अधिक सुखकर असते. उन्हात न्यायच्या मुलाच्या कपड्याचा रंग फिका असावा; घरातल्या सावलीत मात्र रंगाने विशेष फरक पडत नाही, तेव्हा या बाबतीत आईची किंवा आजीची हौस खुशाल पुरवावी.

कापडांपैकी मलमल सर्वांत विरळ व मऊ असते. वायल तिच्यासारखेच पातळ पण पिळाच्या सुतामुळे थोडे ताठ राहते. केंब्रिक व लाँगक्लॉथ अधिक दाट विणीचे असून चड्डीला चांगले, तर पॉपलीन उन्हाळ्यात टाळलेलेच बरे. नव्या कापडाला बहुधा खळ असते, शिवाय मागावर व पुढील प्रक्रियांत ताणा, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने जाणारे उभे धागे, ओढलेल्या स्थितीत राहिल्याने पहिल्या धुण्यात कापड प्रामुख्याने लांबीत आटते. हे आटणे शेकडा ५ धरले तरी ३६ सेंटीमीटर उंचीचे झबले जवळजवळ २ सेंटीमीटरने आखूड होते. म्हणून बेतण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, किंचित ओलसर असताना इस्त्री करून घ्यावे. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे झबले शिवण्याच्या पद्धतीमागे काटकसर होतीच, पण त्या कापडातील खळ कधीच गेलेली असे, ते आटायचे तेवढे आटून चुकलेले असे आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्याला जो मऊपणा आलेला असे तो नव्या कापडात विकत मिळत नाही. असे कापड वापरताना ते उजेडासमोर धरून पाहावे आणि जेथे वीण विरलेली दिसेल, विशेषतः काष्ट्याचा भाग, तो सोडून द्यावा.

एक वर्षाच्या मुलाच्या झबल्यासाठी छातीच्या घेरात निदान १४ सेंटीमीटर सैलपणा धरून तयार घेर ६० सेंटीमीटर ठेवावा. कापडाची आधी खांद्यावर आडवी व मग मध्यावर उभी घडी घालून चौघडी केली, की प्रत्येक पदरावर १५ सेंटीमीटर रुंदी येते, तीत १.५ सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले जादा कापड, मिळवावी. उभे धागे नेहमी झबल्याच्या उंचीच्या दिशेने राहतील असे पाहावे, नाहीतर धुतल्यावर कपडा एका अंगाला फिरतो. बाही वेगळी न जोडता याच चौघडीतून कापता येते. तेव्हा काखेत ६ सेंटीमीटर बाजूचा एक चौकोनी तुकडा, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणत, तिरपा बसवला की हात वर करताना कपडा ओढला जात नाही आणि काखेची शिवणही उसवत नाही.

खरी परीक्षा गळ्याची असते. मध्यापासून दोन्हीकडे ५.५ सेंटीमीटर रुंदी, पुढे ६ आणि मागे २.५ सेंटीमीटर खोली ठेवली तर गळ्याचा परीघ ३१ सेंटीमीटरच्या आसपास येतो. मानेला तो पुरेसा सैल असला तरी ४६ सेंटीमीटर घेराचे डोके त्यातून जाणार नाही. गळ्यापासून खाली दिलेली चीर परिघात आपल्या लांबीच्या दुप्पट भर घालते, म्हणजे १५ सेंटीमीटरचा फरक भरून काढायला साडेसात सेंटीमीटरची चीर हिशेबाने पुरते. पण रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला हिशेब कळत नसल्याने ती १० सेंटीमीटर ठेवावी. चीर पुढच्या बाजूला असणे सोयीचे, कारण पाठीवरच्या गाठी किंवा बटणे उताण्या निजलेल्या मुलाला टोचतात.

गळ्याची कड बांधण्यासाठी उरेब पट्टी लागते. कापड ताण्याच्या दिशेने किंवा बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही, पण त्या दोहोंशी ४५ अंशांचा कोन करून ओढले तर धागे एकमेकांवर सरकतात आणि कापड सहज ताणले जाते. या तिरप्या दिशेत कापलेली ३ सेंटीमीटर रुंदीची पट्टी म्हणजे उरेब पट्टी. ती गोलाईवर चुणी न पडता बसते. लावताना मात्र ती जोराने ओढू नये, अन्यथा धुतल्यावर गळा आक्रसतो.

आतल्या शिवणींकडे मोठ्यांच्या कपड्यांपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते, कारण घामाने ओल्या झालेल्या त्वचेला मोकळी धागेदार कड काचते. ओव्हरलॉकने ती झाकली जाते खरी, पण त्या दोऱ्याची जाडसर वेणी काखेत व मानेजवळ खुपते. पातळ कापडाला फ्रेंच शिवण हाच त्यावर उत्तम उपाय होय : प्रथम कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर टीप मारावी, उरलेली कड कापून ३ मिलिमीटर ठेवावी, मग कपडा उलटवून ती कड आत कोंडली जाईल अशी ७ मिलिमीटरवर दुसरी टीप घालावी. मलमलीसाठी यंत्रात ११ क्रमांकाची सुई पुरते, १४ क्रमांकाची सुई अशा कापडाला डोळ्यांना दिसतील इतकी भोके पाडते. हाताने शिवणाऱ्याने पहिली शिवण धावदोऱ्याची व दुसरी उलट्या टिपेची घातली तरी काम तितकेच टिकाऊ होते.

बंदांविषयी परंपरेपेक्षा सावधगिरीचे ऐकावे. गळ्याभोवती ओवलेली नाडी कशात तरी अडकून फास बसण्याचा धोका असतो, आणि युरोपीय मानकाने सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत गळ्याजवळच्या नाड्यांना मनाई केली आहे ती याच कारणाने. चिरेवर आखूड, पक्के शिवलेले दोन बंद पुरेत. सुटे होऊ शकणारे बटण तीन वर्षांखालील मूल हमखास तोंडात घालते, तेव्हा बटण लावायचेच असेल तर ते दुहेरी दोऱ्याने लावून दर धुण्याला ओढून पाहावे.

सोबतच्या चड्डीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे : लंगोटासाठी मागची उंची पुढच्यापेक्षा ३ सेंटीमीटर जास्त घ्यावी आणि नेफ्यातले, म्हणजे नाडी किंवा इलॅस्टिक ओवण्याच्या दुमडीतले, इलॅस्टिक पोटावर वळ न उठवता बसेल इतके सैल ठेवावे.

दुसऱ्या वर्षात मूल १० ते १२ सेंटीमीटर वाढते, म्हणून झबल्याच्या खालच्या दुमडीत ५ सेंटीमीटर कापड राखून ठेवले तर तेच झबले उसवून पुढील उन्हाळ्यात काही दिवस चालते. गळा मात्र मोठा ठेवून वाढीची सोय करू नये, तो खांद्यावरून घसरतो. पुढील लेखांकात परकर-पोलक्याचा विचार केला जाईल. त्यासाठी ९० सेंटीमीटर पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, दीड मीटर केंब्रिक वाचकांनी खळ काढून तयार ठेवावे.