सळईतून घडलेली गोल्फची काठी

• उगम : मुंबईत देवनारला लागून असलेल्या चेंबूरमध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. जवळच्या वस्त्यांतल्या कॅडींनी (खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्यांनी) आणि मुलांनी हाच खेळ गल्लीबोळांत आणला. पोलिश छायाचित्रकार तोमाश गुडझोवाटी यांनी तो टिपला आहे.

• घडण : बांधकामावरची लोखंडी सळई घ्यायची, तिचे टोक वाकवायचे आणि मुठीवर रबरी नळी चढवायची. चेंडू प्लास्टिकचा, त्यामुळे दाट वस्तीतही इजेची भीती कमी.

• लांबी : काठी उंचीला साजेशी हवी. फार लांब काठीने फटक्यावरचा ताबा सुटतो, आखूड काठीने पाठीवर ताण येतो.

• कोन : टोकाचा मार लागणारा भाग जितका मागे कललेला, तितका चेंडू उंच जातो आणि कमी अंतरावर पडतो. बाजारातल्या सात नंबरच्या आयर्न काठीचा हा कोन साधारण ३० ते ३४ अंश असतो.

• मूठ : मुठीच्या रबरी आवरणाखाली चिकटपट्टीचे जादा वेढे दिले की मूठ जाड होते. मोठ्या पंजाच्या खेळाडूला ती सोयीची.

• नियम : अधिकृत स्पर्धेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. पटर (चेंडू खळगीत ढकलायची काठी) सोडून कोणतीही काठी ४८ इंचांपेक्षा लांब नसावी. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपर्यंत, व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर.

• काळजी : सळईचे कापलेले टोक कानशीने घासून बोथट करा आणि मूठ घट्ट बसल्याची खात्री झाल्यावरच काठी फिरवा.