अर्ध्याचं पाव तिकीट

खांब गावात हायवेवरून एसटी गेली की वर्गाच्या खिडक्या थरथरतात. आत फळ्यावरही एसटीच आहे. टी. वाय. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची ही मुलं रोहा, कोलाड, नागोठण्याहून आली आहेत. सर त्यांना सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवताहेत, मी शेवटच्या बाकावर बसून बघतोय.

प्रोग्राम कंडक्टरच्या मशीनसारखा आहे: वय टाकलं की भाडं सांगतो. मूळ भाडं १०० रुपये धरलंय. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, पासष्टीनंतर अर्धं, आणि ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत.

"प्रोग्राम चालवायच्या आधी उत्तर वहीत लिहा," सर बजावतात. अख्ख्या तासातलं मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. उत्तर आधी लिहिलेलं नसेल, तर स्क्रीनवर येईल ते बरोबरच भासतं.

एक मुलगा ३०, ४०, ५० अशी वयं टाकत सुटलाय. सगळं बरोबर येतंय. "काठावर जा," सर म्हणतात. तो ७४, ७५, ७६ टाकतो. ७५ला ५० रुपये! अटीत 'पेक्षा जास्त' आहे, 'किंवा तेवढंच' राहून गेलंय.

दुरुस्ती होते. "आता १७ मार्च २०२३चा नियम घाला. महिलांना अर्धं तिकीट." दोन-तीन ओळी वाढतात. पस्तिशीची बाई, ५० रुपये, पास.

"वहीतली वयांची जुनी यादी पुन्हा चालवा," सर सांगतात.

कुजबुज होते, ती तर मघाशीच पास झाली होती. एक मुलगी मात्र वही उघडून पहिल्यापासून सुरू करते. यादीत आठ वर्षांचं मूल आहे. या वेळी ती 'स्त्री' निवडते. उत्तर: २५ रुपये.

"पण एरर कुठे आलीय?" प्रोग्राम लिहिणारा विचारतो.

"एरर नाही. अर्ध्याचं अर्धं कुठल्या नियमात आहे ते दाखव."

मग आरियान-५ रॉकेटची हकिकत येते. ४ जून १९९६, उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट नष्ट. आरियान-४साठी लिहिलेला भाग नव्या रॉकेटच्या वेगळ्या उड्डाणमार्गासाठी तपासलाच नव्हता. १६ बिटांत न मावणारा आकडा आला आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे: हा तास शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. पहिला प्रोग्राम लिहायला द्याल, त्याच दिवशी वहीत अपेक्षित उत्तराचा रकानाही आखून घ्या.