दोन पावसाळ्यांची पदवी

निसर्गसंवर्धन आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन या विषयांची दोन वर्षांची पदवी महाराष्ट्रात मुख्यतः एम.एस्सी.च्या रूपात मिळते. पुण्यात तिची दारे अनेक आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवले जाते, तर कर्वे रस्त्यावरच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा स्वतंत्र विभाग आहे. धनकवडीच्या आवारातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत पर्यावरणशास्त्राच्या जोडीने वन्यजीव संवर्धनाचाही अभ्यासक्रम आहे. ही संस्था 1993 मध्ये सुरू झाली आणि पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या डॉ. एरक भरुचा यांनी ती उभी केली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभरच्या पदवी अभ्यासक्रमांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक भरुचा यांनीच लिहिले.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला 88 श्रेयांक लागतात, म्हणजे प्रत्येक सत्राला 22. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. मुख्य विषयांबरोबर संशोधनपद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प आणि शेवटच्या वर्षातला संशोधन प्रकल्प हे सगळे या श्रेयांकांत मोडते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगोल, कृषी अशा वेगवेगळ्या शाखांतून विद्यार्थी येतात. त्यामुळे वर्गातल्या निम्म्यांना झाडे ओळखता येतात पण टायट्रेशन जमत नाही आणि उरलेल्यांचे नेमके उलटे असते.

या विषयाला दोन वर्षे का लागतात, याचे खरे उत्तर श्रेयांकांच्या तक्त्यात सापडत नाही, ते ऋतुचक्रात आहे. प्रवेश पावसाळ्यात होतो. पहिला पावसाळा नावे शिकण्यात जातो: गवते, फुलपाखरे, बेडूक, रोपटी. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, उन्हाळ्यात पाणी आटते आणि प्रदूषण दाट होते. दुसऱ्या वर्षी हेच सगळे पुन्हा समोर येते आणि तेव्हा कुठे विद्यार्थ्याला विचारता येते की गेल्या वर्षीपेक्षा यंदा काय बदलले. एकदाच पाहिलेल्या ऋतूवरून संवर्धनाविषयी काही बोलणे धोक्याचे असते. कमी दिसलेले पक्षी खरोखर कमी झाले की पाऊस लांबल्याने उशिरा आले, हे एका हंगामाच्या आकड्यांवरून कळत नाही. दोन हंगामही अपुरेच, पण तुलनेची सवय तेवढ्यात लागते.

या सवयीसाठी येरवड्याइतकी सोयीची जागा पुण्यात क्वचितच मिळेल. संगमवाडीजवळ मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि मुळा-मुठा बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून येरवडा, कल्याणीनगर, मुंढवा करत पुढे भीमेला जाऊन मिळते. मुठेवर आणि तिच्या उपनद्यांवर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत, मुळेवर मुळशी आहे आणि पवना दापोडीला येऊन मुळेत मिळते. म्हणजे येरवड्याच्या काठावर उभे राहिले की वरच्या अंगाच्या धरणांचे आणि दोन मोठ्या शहरांच्या सांडपाण्याचे एकत्रित फळ समोरून वाहताना दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मुळा-मुठा आहे.

पाण्याच्या गुणवत्तेचे प्रॅक्टिकल काठावरच सुरू होते. विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे आणि आजही शिकवली जाते. काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी भरायची. मग पिपेटने मँगनीज सल्फेट आणि पाठोपाठ अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो; जितका जास्त प्राणवायू, तितका तो गडद. प्राणवायू संपलेल्या पाण्यात साका पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून, स्टार्च टाकून, निळा रंग जाईपर्यंत सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे. आंघोळीसाठी योग्य पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि जैविक प्राणवायूची मागणी 3 मिलिग्रॅमच्या वर नको, हे निकष पुस्तकात पाठ होतात. पण ते लक्षात राहतात ते पांढरा साका एकदा हातातल्या बाटलीत पाहिल्यावर.

पक्ष्यांचा धडा याहून गुंतागुंतीचा आहे. घाण पाण्यात पक्षी नसतात अशी सर्वसाधारण समजूत असते. येरवडा आणि कल्याणीनगरच्या काठावर ती टिकत नाही. लांब गुलाबी पायांचे शेकाटे सांडपाण्याने माजलेल्या चिखलात अळ्या आणि किडे टिपत मोठ्या संख्येने फिरतात. हळदीकुंकू बदके, पाणकावळे, राखी बगळे, घारी दिसतात आणि हिवाळ्यात थापट्या आणि धोबी येतात. इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे यांनी या नदीच्या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि प्रदूषित नदीच्या पक्ष्यांवरचा त्यांचा लेख 1984 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. संख्या वाढली म्हणजे नदी सुधारली असे नव्हे, कोणती जात वाढली आणि ती काय खाते हे पाहावे लागते. स्वच्छ, वाहत्या पाण्यात मासे पकडणारा पक्षी आणि चिखलातल्या अळ्यांवर जगणारा पक्षी यांची बेरीज एकाच रकान्यात करणारा अहवाल दिशाभूल करतो. असे अहवाल आजही लिहिले जातात, म्हणून हा धडा पहिल्याच वर्षी द्यायला हवा.

माशांच्या बाबतीत तुलना फार मागे नेता येते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या सर्वेक्षणात इथल्या माशांची वर्णने केली आणि ती 1840 च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्यानंतरही पुण्याच्या प्राणिशास्त्रज्ञांनी मुळा-मुठेतल्या माशांच्या याद्या केल्या. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कोणते देशी मासे दिसेनासे झाले आणि तिलापियासारखे परके मासे कधी घुसले ते उलगडते.

याच काठावर कायद्याचाही धडा मिळतो. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखली जाणारी येरवडा-कल्याणीनगरची जागा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली घोषित झालेले अभयारण्य नाही. लोकांनी प्रेमाने दिलेले नाव आणि शासनाची अधिसूचना यांत किती अंतर असते हे विद्यार्थ्याला इथे कळते. अधिसूचना नसेल तर त्या जागेला वन्यजीव कायद्याचे कवच मिळत नाही, मग ती वाचवायला शहराचा विकास आराखडा, पूररेषा आणि न्यायालये यांचा आधार घ्यावा लागतो. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर या दोन रेषांच्या मध्ये काय बांधले आहे हे तपासणे, हा जीआयएसच्या तासाचा उत्तम सराव आहे. महापालिकेचा 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधारणा प्रकल्प याच भागात, संगमवाडी ते बंडगार्डन या टप्प्यात आधी आकाराला आला. त्यावरचे आक्षेप आणि प्रशासनाची उत्तरे, दोन्ही सार्वजनिक आहेत. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेचा अभ्यास करणाऱ्याने ती सगळी कागदपत्रे मुळातून वाचावीत, बातम्यांवर विसंबू नये.

नदी ओलांडून कोरेगाव रस्त्याला आले की भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र लागते. 1955 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रातल्या वनस्पतिसंग्रहात लाखाहून अधिक नमुने आहेत. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेली फांदी, जाड कागदावर शिवलेली किंवा चिकटवलेली. खालच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, संकलक. त्या चिठ्ठीतल्या चार ओळी नसतील तर नमुना जवळपास निरुपयोगी ठरतो, आणि नवखा विद्यार्थी नेमकी तारीख लिहायला विसरतो. अशा संग्रहांचे मोल गाजरगवताच्या उदाहरणाने पटते. आज देशभर पसरलेल्या या तणाची भारतातली पहिली नोंद पुण्यात 1950 च्या दशकात झाली आणि ती करणारे आर. एस. राव याच सर्वेक्षण संस्थेचे. परके तण केव्हा, कुठून आले हे सांगता येते, कारण कुणीतरी वेळीच एक रोप दाबून त्यावर तारीख टाकली.

येरवड्यातच डेक्कन कॉलेज आहे. संवर्धनाची पदवी इथे मिळत नाही, पण पुरातत्त्वाच्या दोन वर्षांच्या एम.ए.साठी ते देशभर नावाजलेले आहे. या विषयाशी त्याचे नाते मात्र जवळचे आहे, कारण संसाधने संपली की माणसे काय करतात याचा सर्वांत जुना पुरावा पुरातत्त्वाकडे असतो. इथल्याच शरद राजगुरू यांनी मुळा-मुठेच्या खोऱ्यातले गाळाचे थर अभ्यासले आणि नदीने हजारो वर्षांत आपली वाट आणि वेग कसे बदलले ते वाचले. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात इ. स. पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे बांध आणि पाण्याचा पाट सापडला, जळालेल्या धान्यांवरून आणि हाडांवरून खाणेपिणे कळले. पुढे हवामान कोरडे झाले, शेती खालावली आणि लोक गुराढोरांमागे भटके झाले असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. पाणी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने इनामगावचा अहवाल वाचला तर त्याचे काही बिघडणार नाही, उलट फायदाच होईल.

शेवटच्या वर्षातला संशोधन प्रकल्प हा या पदवीचा कणा आहे. विषय लहान हवा. ‘मुळा-मुठेचे प्रदूषण’ हा विषय कुणालाच पेलत नाही, पण बंडगार्डन आणि कल्याणीनगर या दोन ठिकाणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून पाणपक्षी मोजणे आणि त्याच दिवशी पाण्याचा प्राणवायू मोजणे शक्य असते. काठावरच्या मासेमारांशी, धोबी समाजाशी, वस्तीतल्या महिलांशी बोलल्याशिवाय असा प्रकल्प पुरा होत नाही, आणि मुलाखत कशी घ्यायची हे अभ्यासक्रमात फार थोडा वेळ शिकवले जाते. ही या पदव्यांची ठळक उणीव आहे.

नोकऱ्या आहेत, पण पुष्कळशा प्रकल्पापुरत्या आणि कराराच्या. परिणाम मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार कंपन्या, प्रदूषणाच्या प्रयोगशाळा, पाणलोट विकासात काम करणारी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट (वॉटर), ग्रामीण उपजीविकेतली बाएफ अशा संस्था पदवीधर घेतात. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते, तिथे जाणकारांची गरज भासते. वनखात्यातली सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात आणि कोणत्या शाखा पात्र आहेत ते त्या त्या जाहिरातीत तपासावे लागते. शिकवायचे असेल तर पर्यावरणशास्त्र विषयाची नेट परीक्षा आहे. वन्यजीव संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, पण तिथल्या जागा मोजक्या आणि चुरस मोठी.

बारावीनंतर लगेच या वाटेला लागायचे असेल तर दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत वनविद्येची चार वर्षांची पदवी आहे. नव्या धोरणात पदवीच्या दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन थांबायची सोयही आहे, मात्र त्यासाठी जादा कौशल्य-श्रेयांक पुरे करावे लागतात. आणि जे नोकरी-व्यवसायात आहेत, त्यांच्यासाठी गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन आणि निसर्गसंवर्धन या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू केला. वास्तुरचनाकार, अभियंते, शिक्षक असे लोक त्यात येऊन बसतात आणि वर्गाबरोबर फील्डवरही जातात.