सैतान : आधी हुद्दा, मग नाव

खोडकर नातवाचा कान धरून ‘सैतान कुठचा!’ म्हणणाऱ्या आजीच्या मनात माया असते, आणि जिभेवर असतो फार दूरचा प्रवास करून आलेला एक शब्द. अरबी ‘शैतान’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठी जिभेने ‘श’चा ‘स’ करून त्याला घरचा केला. परंतु त्याचे थोरले भावंड हिब्रू भाषेत ‘सातान’ या रूपाने कित्येक शतके आधी नांदत होते, आणि तेथे त्याचा अर्थ शिंगे असलेला नरकाधिपती असा मुळीच नसून केवळ विरोधक, वाट अडवणारा, एवढाच होता.

बायबलच्या जुन्या करारातील गणना या ग्रंथात बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघाला असता उपसलेली तलवार घेऊन देवाचा दूत त्याची वाट रोखतो. द्रष्ट्याला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती एकदा शेतात शिरते, एकदा धन्याचा पाय भिंतीशी चेंगरते, तिसऱ्यांदा बसकणच मारते, आणि तिन्ही वेळा मार खाते. वाट अडवणाऱ्या या दूताविषयी मूळ हिब्रूत योजलेला शब्द आहे ‘सातान’. म्हणजे जो देवाच्या आज्ञेने उभा आहे, त्यालाच हा शब्द लागला आहे.

ईयोबाच्या ग्रंथात हाच शब्द ‘हा-सातान’ असा येतो. ‘हा’ हे हिब्रूतील निश्चयवाचक उपपद विशेषनामाला लागत नाही. तेव्हा हे नाव नव्हे, हुद्दा आहे. देवाच्या दरबारात इतर दिव्य पुरुषांसमवेत रुजू होणारा, पृथ्वीवर फिरून माणसांची निष्ठा पारखणारा आणि हुजुरांच्या परवानगीवाचून ईयोबाच्या केसालाही धक्का लावू न शकणारा असा हा सरकारी फिर्यादी होय. पुढे मात्र पालट झाला. दावीद राजाला शिरगणतीची बुद्धी देवाच्या कोपामुळे झाली, असे शमुवेलाचा दुसरा ग्रंथ सांगतो. तोच प्रसंग नंतरच्या काळात लिहिणारा इतिहास ग्रंथ मात्र ती ‘साताना’मुळे झाली असे म्हणतो, आणि तेथे उपपद गळालेले आहे. हुद्द्याचे नाव होण्याची वाट येथून दिसू लागते, असे अनेक पंडितांचे मत आहे.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथ ग्रीक भाषेत उतरू लागले, तेव्हा भाषांतरकारांनी ‘साताना’साठी ‘दियाबोलोस’ हा शब्द घेतला. फेकणे या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. दुसऱ्यावर आळ फेकणारा, चहाडखोर, असा त्याचा आशय. लॅटिनमार्गे त्याचा पोर्तुगीज ‘दियाबो’ झाला, इंग्रजी ‘डेव्हिल’ही त्याच कुळातला. कुराणातील ‘इब्लीस’ हे नावही बहुधा याच ग्रीक शब्दाचे रूपांतर असावे, असे अनेक पाश्चात्त्य अभ्यासक मानतात. अरबी कोशकार मात्र त्याचा संबंध निराश होणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपण अग्नीपासून घडलो आणि आदम मातीपासून, या अभिमानाने हा इब्लीस देवाची आज्ञा असूनही आदमापुढे नमला नाही. परंतु ‘शैतान’ हा शब्द कुराण त्याच्या एकट्यासाठी राखून ठेवीत नाही. जिन्नांप्रमाणे माणसांतही शैतान असतात, असे ते स्पष्ट सांगते.

शब्दांचा असा पालट आपल्या दारातही झाला आहे. तळकोकणात आणि गोव्यात गावाची राखण करणारा, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा म्हणून ज्याला भक्तिभावाने रोट ठेवतात, तो देवचार. ख्रिस्ती कोंकणीत मात्र हाच शब्द सैतानाचा वाचक झाला. एक्रोन नगरीच्या बाल-जबूब या दैवताच्या नावाचीही पुढे अशीच गत होऊन, नव्या करारात बालजबूल हा भुतांचा अधिपती ठरला. एकाचे आराध्य दुसऱ्याच्या भाषेत सैतान होते, तेव्हा त्या शब्दातून दैवतापेक्षा दोन समाजांमधील अंतरच अधिक कळते.

म्हणून मला या शब्दाचा मूळ अर्थ फार मोलाचा वाटतो. येशूने ज्याला उद्देशून ‘सैताना’ असे कठोर संबोधन वापरले, तो पेत्र त्याचा परम शिष्य होता, आणि किंचित पूर्वीच त्याची थोरवी येशूने स्वमुखाने गायिली होती. पेत्र त्या क्षणी गुरूच्या वाटेत आडवा आला होता, इतकेच. त्या शब्दाने त्याच्या कृत्याला नाव दिले, त्याला स्वतःला कायमचे बांधले नाही. पुढेही तो शिष्यांमध्ये अग्रगण्यच राहिला. माणसाला सैतान ठरवून मोकळे होण्याची घाई ज्या काळाला झाली आहे, त्याने हा भेद ध्यानी धरावा.