लिहून नेलं, त्याचं काय झालं?

दिवाळी सरली की रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात शेठकडून घेतलेला बयाणा फेडायला कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. टोपल्यात भांडी, भांड्यांवर गोधडी, गोधडीवर पोर, आणि सगळं टेम्पोत. मागे राहतात म्हातारी माणसं, चार कोंबड्या आणि सुतळीनं बांधलेली कुडाची दारं. अशा दिवसांत एका वाडीवर मी समाजकार्याची विद्यार्थिनी म्हणून फॉर्म भरायला गेले होते. पाच पानी प्रश्नावली होती. घरात माणसं किती, जमीन किती, रेशनकार्ड आहे का, व्यवसाय काय. एका आजीनं तिच्या ओट्यावर बसवून सगळी उत्तरं दिली, पितळी तांब्यातून पाणी दिलं आणि मी उठणार तेवढ्यात विचारलं, "गेल्या साली पन एक बाय आलती. तिनं पन सगला लिवून नेला. त्याचा काय झाला?"

मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले. पण तो प्रश्न सुटला नाही. निर्वासित, स्थलांतरित आणि आदिवासी यांच्यावर समाजकार्याच्या अंगानं झालेलं संशोधन आज कपाटंच्या कपाटं भरेल एवढं आहे. त्यातला कुठलाही अहवाल हातात घेतला की मी आधी आजीचा प्रश्न त्याला लावून बघते.

या संशोधनाच्या सुरुवातीकडे गेलं तर वाट शिकागोला पोचते, आणि गंमत वाटेल, तिथून ती थेट आपल्या नागपाड्यात येते. 1889 साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या कामगार वस्तीत 'हल हाउस' सुरू केलं. इटालियन, बोहेमियन, रशियन ज्यू अशी नुकती बोटीतून उतरलेली माणसं भोवती राहत होती, आणि या बाया त्यांच्यातच बिऱ्हाड करून राहिल्या. तिथेच राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली आणि तिच्या सहकाऱ्यांनी दारोदार फिरून कोणत्या घरात कोणत्या देशाची माणसं आहेत आणि आठवड्याला किती कमावतात हे टिपलं आणि त्याचे रंगीत नकाशे केले. इवल्याशा टापूत 18 राष्ट्रांची माणसं निघाली. 1895 साली ते नकाशे आणि लेख पुस्तकरूपानं आले. केली नुसती मोजून थांबली नाही. इलिनॉय राज्यात 1893 साली कारखाना कायदा झाला त्यामागे तिची खटपट होती, आणि त्याची अंमलबजावणी करणारी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणूनही तीच नेमली गेली. नकाशातल्या घरांपर्यंत काहीतरी परत पोचलं ते असं.

त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. गिरणी कामगार, गोदी कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं असा तेव्हाचा नागपाडा. तिथे त्यांनी 'नेबरहुड हाउस' काढलं, आणि त्याच वास्तूत 1936 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे आपल्याकडच्या समाजकार्य शिक्षणाचा पाळणाच स्थलांतरितांच्या वस्तीत हलला. हे आपण विसरतो आणि स्थलांतरितांना 'लोंढे' म्हणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आदिवासींबद्दलचं लिखाण मात्र वेगळ्या वाटेनं आलं. ते आलं सरकारी बंगल्यातून आणि विद्यापीठातून. 1930 च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागाचा अहवाल लिहिला. सावकारी, वेठबिगार, जमिनी हातच्या जाणं हे सगळं त्यात आलं. तरीही 1945 साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना स्वतःच उठावं लागलं, आणि त्या उठावाची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मधून महाराष्ट्राला कळली. अहवाल सरकारसाठी होता. वारल्यांना तो कुणी वाचून दाखवला असेल असं मला वाटत नाही.

त्याच काळात दोन विद्वानांचा वाद रंगला होता. व्हेरिअर एल्विन सुरुवातीला पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिलेले, पुढे मध्य प्रांतात गोंड-बैगांमध्ये जाऊन बसलेले. आदिवासींचं जगणं बाहेरच्यांच्या धक्क्यापासून जपलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1943 च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवलं. दोघांचाही अभ्यास दांडगा, यात शंका नाही. पण ज्यांच्याबद्दल भांडण चाललं होतं त्यांना वादात बसायला पाट कुणी मांडला नाही. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता नेमकी या दुखण्यावर आहे, आणि समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला ती पाठ्यपुस्तकाच्याही आधी वाचायला हवी.

परदेशात पाट न मांडण्याची किंमत लेकरांनी मोजली. अमेरिकेत 1960-70 च्या दशकांत झालेल्या पाहण्यांतून दिसलं की मूलनिवासी कुटुंबांतली 25 ते 35 टक्के मुलं घरापासून तोडून दुसऱ्या घरांत किंवा संस्थांत ठेवलेली होती. ही मुलं नेणाऱ्यांत समाजकार्यकर्ते होते. एका खोलीत दहा माणसं, मूल आईऐवजी आजीकडे वाढतंय, हे त्यांच्या फॉर्मात 'दुर्लक्ष' या सदरात पडायचं. आजीकडे वाढलेल्या मुलाला आपल्या खेड्यात कुणी बेवारस म्हणेल का? रकाने आखणाऱ्याच्या डोक्यात जे घर असतं, तेवढंच घर त्या रकान्यात मावतं. पाहण्यांचा एक उपयोग झाला, 1978 साली मूलनिवासी बालकल्याण कायदा आला आणि अशा मुलांच्या बाबतीत त्यांच्या जमातीला अधिकार मिळाला. ऑस्ट्रेलियात अशाच घरापासून तोडलेल्या मूलनिवासी मुलांच्या 'हिरावलेल्या पिढ्यां'बद्दल 2008 साली संसदेत माफी मागितली गेली. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानं 2015 साली 94 शिफारशी केल्या, त्यातल्या पहिल्या पाच बालकल्याणाच्याच आहेत.

सगळ्यांत जास्त शिकवतं ते न्यूझीलंड. तिथल्या समाजकल्याण खात्यावर माओरी समाजाचा रोष होता. जॉन रंगिहाऊ या माओरी जाणत्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीनं लोकांना कचेरीत बोलावलं नाही, ती माओरींच्या 'मराए'वर गेली. मराए म्हणजे सभेचं अंगण, तिथे यजमान आधी रीतीनं स्वागत करतात, मग पाहुणा बोलतो. तिथे बसून लोकांनी वर्षानुवर्षांचा राग बोलून दाखवला. 1986 च्या अहवालाचं नाव 'पुआओ-ते-आता-तू', अर्थ पहाट. वंशभेद खात्याच्या रचनेतच मुरलेला आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. आणि तीन वर्षांत, 1989 साली, कायदा बदलला. एखाद्या मुलाला कुठे ठेवायचं, त्याचं कसं करायचं हे ठरवायला आता आजी-आजोबा, काका, मावश्या, अख्खं गणगोत बोलावतात. समाजकार्यकर्ती माहिती देते आणि मग खोलीबाहेर जाते. दार लागतं, आत घरची माणसं आपापसांत बोलतात. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं. आमच्या शिक्षणात आत कसं शिरायचं हे शिकवलं, बाहेर कधी जायचं हे नाही. पुढे 1999 साली लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषीनं संशोधनपद्धतीवर जे पुस्तक लिहिलं आणि जे आज जगभर शिकवलं जातं, त्याच्याही मुळाशी संशोधन या गोष्टीबद्दल आदिवासींच्या मनात साठलेला हाच राग आहे.

तो का साठला, याला हवासुपाई जमातीची गोष्ट पुरे आहे. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी ही छोटी जमात मधुमेहानं पोखरली होती. 1990 पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांनी दिलं ते मधुमेहासाठी. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासाला वापरलं गेलं, जमात मुळात कुठून आली हे शोधायलाही वापरलं गेलं. आपण याच दरीत जन्मलो असं मानणाऱ्या माणसांना प्रयोगशाळा परस्पर दुसरं मूळगाव सांगत होती. 2010 साली तडजोड झाली, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर मिळाले. पण जमातीच्या लेखी मोठी गोष्ट वेगळी होती. रक्ताच्या कुप्या त्यांनी परत नेल्या.

निर्वासिताच्या बाबतीत तर माहिती जिवावर बेतू शकते. छावणीतला माणूस तीच कहाणी पोलिसाला, डॉक्टरला, संस्थेच्या बाईला आणि मग संशोधकाला सांगतो, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटतं की याच सहीवर आपलं रेशन किंवा व्हिसा अडला असेल. अशा माणसाच्या होकाराला संमती म्हणायचं का? 2017 मध्ये 7 लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. त्यांची नोंदणी झाली, बोटांचे ठसे घेतले गेले. नोव्हेंबर 2018 मध्ये छावण्यांतल्या रोहिंग्यांनी नव्या ओळखपत्रांविरुद्ध संप केला. आपली माहिती म्यानमारच्या हाती पडेल ही भीती त्यामागे होती. जून 2021 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं जाहीर केलं की 8 लाखांहून अधिक निर्वासितांची माहिती बांगलादेशानं खरोखरच म्यानमारकडे दिली होती. माहिती लोकांच्या संमतीनंच घेतली, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं म्हणणं होतं. संप करणाऱ्यांना अडाणी ठरवणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आपल्या राज्यात विस्थापितांवरचं सर्वांत खडतर काम नर्मदेच्या काठी झालं. सरदार सरोवरात महाराष्ट्राची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बाधित होत होती. पुनर्वसनावर देखरेख करायला राज्य सरकारनं टाटा संस्थेला नेमलं. नर्मदा पाणीतंटा लवादानं 1979 च्या निवाड्यात जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन द्यायला सांगितली होती. पण सातपुड्याच्या डोंगरात पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनींना सातबारा नव्हता, आणि सरकारी भाषेत त्यांचे धनी 'अतिक्रमणदार' होते. कागद म्हणतो जमीन नाही, आणि डोळ्यांसमोर ज्वारी उभी आहे. संशोधकाला इथे ठरवावं लागतं की काय लिहायचं. ज्यांनी ज्वारी लिहिली त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

गडचिरोलीत मात्र दोन गोष्टी अशा घडल्या की आजीला ताठ मानेनं सांगाव्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास तिथे काम सुरू केलं तेव्हा आदिवासींमधल्या सिकलसेलवर अभ्यास केला. अभ्यास उत्तम झाला, पण लोकांना त्यात रस नव्हता. तो आमच्या कुतूहलाचा विषय होता, लोकांच्या गरजेचा नव्हता, हे डॉ. बंगांनी पुढे उघडपणे सांगितलं. मग लोकांना विचारलं की दवाखाना कसा हवा. लोक म्हणाले, मोठी इमारत नको, नातेवाइकांना राहता आलं पाहिजे, आणि नाव आमच्या देवीचं द्या. तसा गोंडांच्या पाड्यासारखा झोपड्यांचा दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. पुढे 39 गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्याच बायांचा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. बालमृत्यू खाली आणण्याची ती रीत देशानं उचलली.

दुसरी गोष्ट धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथे अभ्यासगट चालू झाले. पोळी न जाळता, माश्या न मारता मध कसा काढायचा, जंगलावर आपला हक्क किती, असे विषय. बाहेरचा जाणकार गटात बसू शकतो, निर्णय मात्र ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीनं. कायद्याची कलमं या गावानं अशी बसून अभ्यासली, आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. इथे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच सतरंजीवर बसला होता.

याच जिल्ह्यात मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, 1960 च्या दशकात वसवलेली. शेजारी गोंड, माडिया. एकाचं जंगल दुसऱ्याचं भातशेत झालं. या दोन शेजाऱ्यांना एका ओट्यावर बसवून, दोघांच्या भाषेत, दोघांना एकमेकांबद्दल विचारणारा अभ्यास मला मराठीत वाचायचा आहे.

आजीच्या वाडीवर मी परत गेले, दोन पावसाळे उलटल्यावर. सोबत एक मोठा कागद होता, वाडीचा नकाशा आणि आकडे सोप्या अक्षरांत लिहिलेले. पिंपळाच्या पारावर तो पसरला, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि मोठ्यानं वाचून दाखवू लागले. घरं सत्तावीस, असं म्हटल्याबरोबर आजीनं हात वर केला. "सत्तावीस कशी? एकतीस हायेत." मी म्हटलं, मी स्वतः मोजली. ती म्हणाली, "तू आलीस तवा चार घरा भट्टीवर होती. सुतली बांधलेली घरा तू मोजलीसच नाय."

स्थलांतरावरचा अभ्यास होता, आणि स्थलांतर केलेली घरंच त्यात नव्हती. मी खोडरबर काढला. आजी एकेका दाराकडे बोट करून नावं सांगत गेली, कोण कुठल्या भट्टीवर जातं, कुणाचं पोर तिथेच जन्मलं, कुणाचं तिथेच गेलं. चारही घरं लिहून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. तू तुझा दुसरा लिव."