कॅप्टन नेमोचं मस्कत आणि वाळूतलं हरवलेलं शहर



आजचा विषय आहे जुन्या विज्ञानकथांचा: खोल समुद्र, पाणबुड्या आणि बुडालेली शहरं. विषय दूरचा वाटेल, पण तो थेट आपल्या मस्कतच्या दारावरून जातो.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कथा तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना मराठीतून वाचल्या असतील. फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांनी त्या आपल्यापर्यंत आणल्या. व्हर्नची समुद्राखालच्या वीस हजार लीग प्रवासाची कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. हे वीस हजार लीग म्हणजे खोली नव्हे, तर कापलेलं अंतर. एक लीग चार किलोमीटरची धरली, तर होतात ऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दोन फेऱ्या. समुद्राची सर्वांत जास्त खोली मात्र सुमारे अकरा किलोमीटरच आहे.

या प्रवासात नेमोची पाणबुडी ‘नॉटिलस’ श्रीलंकेजवळून निघून ओमानच्या आखातात येते. आखातातून बाहेर पडताना ती क्षणभर पाण्यावर येते आणि समोर मस्कत दिसतं: काळे कातळ, त्यावर उठून दिसणारी पांढरी घरं, किल्ले, मिनार. मग ती पुन्हा पाण्याखाली जाते. व्हर्न स्वतः इथे कधीच आला नव्हता. त्याने हे वर्णन पुस्तकांच्या आधारे केलं. तरीही जुन्या मस्कतच्या बंदरावर उभं राहून जलाली आणि मिरानी किल्ल्यांकडे पाहिलंत, तर ते चित्र लगेच ओळखू येईल.

आणि हा नेमो कोण? पुढच्या एका कादंबरीत, १८७५ च्या सुमारास, व्हर्नने ते उघड केलं. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला. झाशीही त्याच बुंदेलखंडातली. व्हर्नला आधी त्याला पोलंडचा करायचा होता, पण प्रकाशकाला ते पटलं नाही. म्हणजे मस्कतसमोरून गेलेल्या त्या काल्पनिक पाणबुडीचा कप्तान आपल्याच देशाचा होता. आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

पुढे अटलांटिक महासागरात नेमो आपल्या पाहुण्याला समुद्रतळावर बुडालेलं अटलांटिस दाखवतो. अटलांटिसची कथा प्लेटोची. असं शहर खरोखर सापडल्याचा पुरावा नाही. पण ओमानकडे स्वतःचं ‘वाळूतलं अटलांटिस’ आहे, आणि त्याचा शोध खरोखर घेतला गेला.

त्याचं नाव उबार. धोफारच्या लोबानाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं आणि वाळूने गिळलेलं शहर, अशी त्याची दंतकथा. १९३०-३१ मध्ये बर्ट्रम थॉमस रुब अल खालीचं वाळवंट पार करत असताना, सोबतच्या बदूंनी त्यांना ‘उबारला जाणारी वाट’ दाखवली. १९८४ मध्ये ‘चॅलेंजर’ या अंतराळयानातून वाळवंटाची रडार छायाचित्रं घेतली गेली. त्यांत आणि उपग्रहांच्या चित्रांत जुन्या उंटांच्या वाटा दिसल्या. त्यांचा माग काढत शोधपथक शिसरला पोचलं. हे ठिकाण सलालापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. तिथे पाण्याच्या झऱ्याभोवतीचा जुना किल्ला उघडा झाला. त्याचा एक भाग खालची चुनखडीची पोकळी ढासळल्याने खड्ड्यात कोसळला होता. १९९२ मध्ये ही बातमी जगभर गाजली.

पण हेच उबार का? उत्खनन करणारे ज्युरिस झॅरिन्स यांनीच पुढे म्हटलं की उबार हे एका शहराचं नव्हे, तर त्या प्रदेशाचं आणि तिथल्या लोकांचं नाव असावं. सन २००० मध्ये युनेस्कोने शिसरला लोबानभूमीचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते काफिल्यांचं विश्रांतिस्थान म्हणून. दंतकथेतल्या नगरीपुढे ही जागा लहान आहे. पण ती खरी आहे, तिथे जाऊन पाहता येते, आणि वाळवंटात पाणी असेल तिथेच व्यापार टिकतो हे ती दाखवते.

आता समुद्रातलं उदाहरण. १५०३ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्यातलं ‘एस्मेराल्दा’ हे जहाज ओमानच्या अल हल्लानिया बेटाजवळ वादळात बुडालं. वारा येणार, जहाजं हलवा, असं स्थानिकांनी सांगितलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. २०१३ ते २०१५ या काळात डेव्हिड मर्न्स यांच्या पथकाने ओमान सरकारच्या साथीने तिथे उत्खनन केलं. त्यात जहाजाची घंटा आणि दिशादर्शनाचं एक जुनं उपकरण मिळालं. नेमो बुडालेल्या जहाजांतून सोनं काढून नेतो, तर पुरातत्त्वज्ञ प्रत्येक वस्तू नेमकी कुठे मिळाली याची नोंद ठेवतात. त्या नोंदीमुळेच वस्तूवरून इतिहास कळतो.

मंडळी, हे सगळं सांगण्याचं कारण साधं आहे. ‘समुद्रात सापडलं हजारो वर्षांपूर्वीचं शहर’ असा फॉरवर्ड आपल्या घरच्या ग्रुपवर येतोच. द्वारकेचंच बघा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने, एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली, १९८० च्या दशकात तिथे बुड्या मारल्या. दगडी भिंतींचे अवशेष आणि दगडी नांगर मिळाले. ते खरे आहेत. पण ते कुठल्या काळाचे, कुठल्या नगरीचे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

म्हणून असं काही आलं की मुलांसोबत तीन प्रश्न विचारा. नेमकं काय सापडलं? त्याचा काळ कसा ठरवला? आणि त्याला हे नाव कोणी दिलं? गोष्टीवर प्रेम करायला हरकत नाही. थॉमस यांनी बदूंची गोष्ट ऐकून लिहून ठेवली नसती, तर शिसरला कोणी खणायला गेलं नसतं. फक्त गोष्ट कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो, ते मुलांना ओळखता आलं पाहिजे.

यंदा खरीफमध्ये सलालाला गेलात, तर एक दिवस शिसरसाठी ठेवा. पाणी भरपूर घ्या, गाडीची टाकी भरून निघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!