प्रणाली चालते, पण चालवायची कशी?

इंदूरच्या मल्हारगंजातील एखाद्या मराठी वाचनालयासाठी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या देवघेवीची संगणकप्रणाली तयार केली, असे समजू. परीक्षा संपते, विद्यार्थी नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूस जातात आणि एके दिवशी प्रणाली बंद पडते. वर्गणीदारांच्या नोंदी कोठे साठवल्या आहेत, हेही मागे कोणास ठाऊक नसते.

म्हणून माहितीपुस्तिका प्रकल्पासोबतच लिहिली पाहिजे. ‘रीडमी’ या पहिल्या फाइलमध्ये प्रणालीचा उद्देश, आवश्यक सॉफ्टवेअर व त्यांच्या आवृत्त्या, उभारणीच्या आज्ञा क्रमवार, बॅकअपची रीत आणि ज्ञात त्रुटी द्याव्यात. पासवर्ड मात्र तेथे लिहू नयेत. त्रुटी मान्य करण्यात कमीपणा नाही. ३ नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेत आज्ञांच्या माहितीखाली ‘बग्स’ असा स्वतंत्र मथळाच होता. पुढे ‘ओनर’ म्हणून जबाबदार व्यक्तीचाही उल्लेख असे.

लेखनाची कसोटी सोपी आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पाठाची संहिता तज्ज्ञाबरोबरच नवशिक्याकडूनही तपासून घेतली जाते. त्याच न्यायाने ग्रंथपालांच्या हाती केवळ पुस्तिका द्यावी आणि विद्यार्थ्यांनी गप्प बसावे. ग्रंथपाल जेथे अडतील, तेथे पुस्तिकेत एक ओळ वाढवावी.